वाहत्या कानाचा इतिहास

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर लेकराचा कान दुखायला लागला की घरातलं म्हातारं माणूस आधी चुलीकडं वळतं. पळीत थोडं तेल, तेलात लसणाची पाकळी, ती काळपट होईपर्यंत कढवायची. बोटाला सोसेल इतकं निवलं की दोन थेंब कानात आणि वरून कापसाचा बोळा. लेकरू रात्रभर कळवळतं. पहाटे कधीतरी उशीवर पिवळट डाग उमटतो, रडणं थांबतं आणि आजी सुस्कारा टाकते, "फुटला एकदाचा. आता ठणका राहील."

ठणका खरंच राहतो. दुपारपर्यंत पोर अंगणात खेळायला लागतं आणि घराच्या लेखी आजार तिथंच संपतो.

झालेलं असतं ते असं. कानाच्या पडद्यामागं साठलेल्या पुवानं पडद्याला भोक पाडलेलं असतं. दाब सुटला म्हणून वेदना थांबली. बहुतेक मुलांत हे भोक काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. ज्यांच्यात भरत नाही त्यांचा कान मग पावसाळ्यात वाहतो, थंडीत वाहतो, विहिरीत पोहून आल्यावर वाहतो. हळूहळू घराला त्याची सवय होते. 'ह्याचा कान लहानपणापासून वाहतो' हे वाक्य आपल्याकडं एखादा डावखुरा आहे म्हणावं तितक्या सहज बोललं जातं.

हा सहजपणा मला कायम खुपत आला आहे. कारण कान का फुटतो हे समजून घ्यायला माणसाला अडीच हजार वर्षं लागली, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला आहे. नांदेडहून कंधार, जळकोट, उदगीर करत बीदरला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गावं आहेत, तिथपर्यंत तो भाग अजून नीट पोचलेला नाही.

आपल्याकडं कानाच्या आजारांची पहिली शिस्तशीर मोजदाद सुश्रुतसंहितेत सापडते. उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. कर्णशूल म्हणजे ठणका, कर्णस्राव म्हणजे वाहणारा कान, पूतिकर्ण म्हणजे दुर्गंधी येणारा कान, शिवाय कर्णनाद आणि बाधिर्य. कान वाहण्याची कारणंही दिली आहेत: डोक्याला मार लागणं, पाण्यात बुडी मारणं, आत गळू पिकणं. निरीक्षण बारीक आहे. वाहता कान आणि बहिरेपण यांना एकाच यादीत बसवणाऱ्या त्या वैद्यांनी अशी मुलं नक्कीच खूप पाहिली असणार. पण पडद्यामागची रचना उघड्या डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर तेलाखेरीज उपाय तरी काय करणार?

ती रचना १५६२ मध्ये रोमच्या बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीरशास्त्रज्ञानं वर्णन केली. नाकाच्या मागच्या बाजूपासून, टाळूच्या वरून, मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. पुढं १७०४ मध्ये व्हालसाल्वा यानं तिला युस्ताकीचं नाव दिलं. आपण आवंढा गिळतो तेव्हा ही नळी क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. घाटातून गाडी उतरताना कानात जे 'टक्' होतं ते हिचंच काम. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि तिरकी असते. तान्ह्या बाळात तिची लांबी जेमतेम निम्मी असते, आणि ती जवळजवळ आडवी असते. म्हणजे नाकातला शेंबूड आणि मधला कान यांच्यामध्ये बाळाला फक्त दीड-दोन सेंटिमीटरचा सपाट रस्ता आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ याच रस्त्यात आहे. पण नळी सापडल्यावरही तिच्यातून नेमकं काय येतं-जातं हे कळायला आणखी तीन शतकं जावी लागली.

त्या तीन शतकांत फुटका कान किती भयंकर ठरू शकतो याची एक कहाणी डब्लिनच्या एका घरात घडली. सर विल्यम वाइल्ड हे तिथले नामांकित कर्णतज्ज्ञ. १८५३ मध्ये त्यांनी कानाच्या शस्त्रक्रियेवर जो ग्रंथ लिहिला तो पुढची कित्येक वर्षं वापरात होता. कान जोवर वाहतो आहे तोवर तो कधी, कसा आणि कुठे घात करील हे सांगता येत नाही, असा इशारा त्यांनी दिला होता. त्यांचा मुलगा, नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० साली पॅरिसमध्ये वारला तो मेंदूच्या आवरणाला सूज येऊन. ती सूज कानाच्या जुन्या दुखण्यातून आली असावी असंच बहुतेक वैद्यकीय अभ्यासकांचं मत आहे. कानामागच्या हाडात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात. पू तिथं शिरला की त्याच्यापासून मेंदू एका पातळ हाडाच्या पडद्याइतकाच दूर राहतो. जर्मनीत हेरमान श्वार्त्झे यानं १८७३ मध्ये ते हाड छिन्नीनं उघडून पू काढण्याची पद्धत प्रस्थापित केली. पुढची ७० वर्षं हीच शस्त्रक्रिया जगभरच्या मुलांचा शेवटचा आधार होती.

पू कशाचा, हे मात्र श्वार्त्झेलाही सांगता आलं नसतं. त्याचं उत्तर एका साध्या जागी सापडलं: माणसाच्या थुंकीत. १८८०-८१ च्या सुमाराला फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी, एकमेकांना न कळता, थुंकीतून एकच जोडगोळीसारखा जीवाणू वेगळा केला. स्टर्नबर्गनं तर स्वतःचीच थुंकी वापरली होती. हाच न्यूमोकॉकस. १८८७ मध्ये प्रागच्या एमान्युएल झाउफाल यानं तो कानातून काढलेल्या पुवात दाखवला. आजही मुलांच्या कानदुखीच्या आरोपींत त्याचं नाव पहिल्या रांगेत असतं.

यातली एक गोष्ट त्या काळात कोणाला फारशी टोचली नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा जीवाणू निरोगी माणसाच्या तोंडात निवांत राहतो. लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात तर त्याची वस्तीच असते. मग एरवी गप्प बसलेला हा जंतू एका विशिष्ट आठवड्यात कानात का चढतो?

या प्रश्नाचा माग घेताना शास्त्र आधी एका चुकीच्या वाटेला लागलं. १८९२ मध्ये बर्लिनच्या रिचर्ड फायफर यानं जाहीर केलं की इन्फ्लुएन्झा होतो तो एका बारीक जीवाणूमुळं. त्या जीवाणूला इन्फ्लुएन्झाचंच नाव मिळालं, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. मग १९१८ आलं. जून महिन्यात मुंबई बंदरातून साथ आत शिरली. हिवाळ्यापर्यंत हिंदुस्थानात सव्वा कोटी किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली, आणि इतके मृत्यू जगात दुसऱ्या कुठल्याच देशात झाले नाहीत. फायफरचा जीवाणू काही रोग्यांत सापडे, काहींत सापडत नसे. प्रयोगशाळा गोंधळून गेल्या. अखेर १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातला द्रव जीवाणू अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि तो मुंगसासारख्या फेरेट या प्राण्याच्या नाकात सोडला. फेरेटला फ्लू झाला. गाळणीतून जे निसटलं तो विषाणू होता. फायफरच्या जीवाणूवरचा आरोप खोटा ठरला, नाव मात्र तसंच राहिलं.

१९१८ च्या साथीतल्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे २००८ मध्ये अमेरिकेत पुन्हा तपासले गेले. त्यांत दिसलं की बहुतेक माणसं विषाणूनंतर आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियानं मेली होती. विषाणूनं आधी घर फोडलं, जीवाणू मागून शिरले. मुलाच्या कानात नेमकं हेच घडतं, फक्त लहान प्रमाणावर.

खोट्या आरोपातून सुटलेला फायफरचा जीवाणू कानाच्या बाबतीत मात्र खरोखरच दोषी निघाला. त्याच जातीचा एक बिनकवचाचा प्रकार मुलांच्या कानात न्यूमोकॉकसच्या बरोबरीनं सापडतो. तिसरा मोराक्सेला कॅटार्‍हॅलिस. तिघेही नाकाच्या मागं राहणारे, तिघेही संधीची वाट पाहणारे. या कथेत आणखी एक योगायोग आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं आणि १९२९ मध्ये त्यानं त्यावरचा निबंध छापला. निबंधाच्या नावातच फायफरच्या जीवाणूचा उल्लेख आहे. पेनिसिलिन बाकीच्या जंतूंना मारतं, या जीवाणूला मारत नाही, म्हणून तो वेगळा वाढवायला हे उपयोगी पडेल, असं फ्लेमिंगनं सुचवलं होतं. न्यूमोकॉकसला पेनिसिलिननं लोळवलं, पण कानातला दुसरा आरोपी त्याला दाद देईना. १९६१ मध्ये अँपिसिलिन आलं तेव्हा कुठं तो आवाक्यात आला. डॉक्टर आज कानासाठी जे अमॉक्सिसिलिन लिहून देतात ते त्याच घराण्यातलं.

हे सगळं चालू असताना आपला भाग कुठं होता? अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होते. संस्थानाच्या राजधानीत मोठं वैद्यक घडत होतं. क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासणारे दोन आयोग १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत बसले. २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात दिसला तो सिकंदराबादेत. त्याच संस्थानाच्या मराठी टोकाला असलेल्या खेड्यातल्या लेकराला मात्र कान दाखवायचा तर गावचा वैद्य किंवा हकीम, आणि जत्रेत कानकोरणं घेऊन बसलेला कान कोरणारा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं. १९५६ मध्ये हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि त्याच वर्षी औरंगाबादला मराठवाड्याचं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६ चं. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, लातूरचं २००२ चं. जळकोट तालुका तर त्याहून थोडाच जुना. या तारखा ओळीनं लावल्या की लक्षात येतं की आज साठी-सत्तरीत असलेल्या इथल्या कित्येक माणसांचा कान फुटला तेव्हा पडदा तपासणारा डॉक्टर एका दिवसाच्या वाटेवरही नव्हता.

औषधाच्या बाबतीत चित्र जरा वेगळं होतं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली आणि वर्षभरात भारतातच पेनिसिलिन तयार होऊ लागलं. स्वस्त पेनिसिलिनमुळं मेंदूपर्यंत जाणारे कान कमी झाले असणार. पण वाहते कान कमी झाले नाहीत. औषध आलं, पण पडद्यातलं भोक भरलं की नाही हे बघणारा डोळा आला नाही.

आता पुन्हा त्या टोचणाऱ्या प्रश्नाकडं. गप्प बसलेला जंतू त्याच आठवड्यात का चढतो? आजीला विचारा, ती लगेच सांगेल: आठ दिवसांपूर्वी पडसं झालं होतं. शास्त्राला हे सिद्ध करायला फार वेळ लागला, कारण विषाणू पकडणं अवघड. कानातला द्रव सुईनं काढून वाढवायला ठेवला तर पुष्कळ मुलांच्या द्रवात कुठलाच जीवाणू वाढत नसे. १९५० च्या दशकात सर्दीचे विषाणू एकापाठोपाठ एक सापडत गेले. अडिनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस आणि १९५६ मध्ये, आधी चिंपँझींत आणि मग माणसाच्या मुलांत, आरएसव्ही. (आपल्याकडं पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं ते याच दशकात, १९५२ मध्ये. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच.) पण नाकातला विषाणू आणि कानातला पू यांचा धागा जुळत नव्हता.

तो जुळवला एका प्राण्यानं. चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतला मऊ लोकरीचा, सशाहून लहान पण मोठ्या कानांचा जीव. त्याच्या मधल्या कानाची पोकळी मोठी असते, तिथला द्रव काढून पाहणं सोपं जातं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज गीबिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्यांचे तीन गट केले. एका गटाच्या नाकात फक्त इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडला, दुसऱ्याच्या फक्त न्यूमोकॉकस, तिसऱ्याच्या दोन्ही. १९८० मध्ये निकाल छापून आला. फक्त विषाणू दिलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा कान आला, म्हणजे मधल्या कानाला दाह झाला. फक्त जीवाणू दिलेल्यांपैकी २१ टक्क्यांचा. दोन्ही दिलेल्यांपैकी ६७ टक्क्यांचा.

हे तीन आकडे मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा थांबलो आहे. चार आणि एकवीस मिळून पंचवीस होतात, सदुसष्ट नव्हे. त्या वरच्या बेचाळीस टक्क्यांत दोघांचं संगनमत आहे.

संगनमत कसं होतं तेही हळूहळू उलगडलं. नाकाच्या आणि त्या नळीच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते शेतातल्या पिकासारखे एका लयीत हलतात आणि शेंबूड, धूळ, जंतू असं सगळं कानाकडून नाकाकडं ढकलत राहतात. विषाणू आला की हे केस झडतात, अस्तर सुजतं, नळी बंद होते. कानातली हवा शोषली जाते, आत पोकळी निर्माण होते आणि ती नाकाकडचा द्रव वर ओढून घेते. फ्लूचा विषाणू तर आणखी पुढं जातो. पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेची टोकं तो छाटून टाकतो, आणि त्या उघड्या पडलेल्या जागेवर न्यूमोकॉकस घट्ट चिकटतो. याच वेळी नाकात जीवाणूंची संख्या वाढलेली असते. म्हणून कान ठणकतो तो सर्दीच्या पहिल्या दिवशी नाही, सहसा तिसऱ्या ते सातव्या दिवसात. आजीचा 'आठ दिवसांपूर्वीचं पडसं' हा हिशोब बरोबरच होता.

माणसाच्या मुलांतला पुरावाही मागोमाग आला. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथं एका पाळणाघरातल्या मुलांवर १४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि कोणत्या विषाणूच्या सर्दीनंतर कान येतो याचा हिशोब १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आरएसव्ही, अडिनोव्हायरस आणि फ्लू सर्वांत पुढं होते. १९९९ मध्ये टेर्हो हाइक्किनेन आणि तस्नी चोनमैत्री यांनी कान आलेल्या ४५६ मुलांच्या कानातलाच द्रव तपासला. आरएसव्हीची बाधा असलेल्या ६५ मुलांपैकी ४८ जणांच्या कानात तो विषाणू प्रत्यक्ष हजर होता. म्हणजे विषाणू दारात थांबत नाही, आतही जातो. पुढं २००८ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमधून आणखी एक मोठा पाठपुरावा आला. सहा महिने ते तीन वर्षं वयाची २९४ मुलं. विषाणूजन्य सर्दी झाली की दर १०० पैकी ३७ वेळा कान आला. कानात नुसता द्रव साठल्याची प्रकरणं धरली तर १०० पैकी ६१ वेळा.

तेलाचे थेंब कुठं पडतात हे आता सांगता येतं. पडदा शाबूत असेल तर ते पडद्याच्या बाहेरच राहतात. आजार पडद्यामागं असतो आणि तो आलेला असतो नाकातून. उबेनं क्षणभर बरं वाटत असेल, तेही मी नाकारत नाही. पण पडदा फुटलेला असेल तर तेच तेल, दूध किंवा झाडपाल्याचा रस थेट आत उतरतो. मग बाहेरून आलेले वेगळे जंतू मुक्कामाला येतात: पाण्यात आणि ओलीत वाढणारा स्यूडोमोनास, त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात बहुधा हेच दोघं सापडतात, न्यूमोकॉकस तिथून केव्हाच गेलेला असतो. २००६ मध्ये अमेरिकेत कान सतत येणाऱ्या मुलांच्या कानाच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. तिथं जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर विणलेला दिसला. त्या थराखाली ते पोटातून घेतलेल्या औषधाला सहज दाद देत नाहीत. विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ ज्यानं घासलं असेल त्याला हे लगेच समजेल.

विषाणूचा वाटा कळल्यावर एक नवा वाद सुरू झाला. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. मग प्रत्येक कानाला ती द्यायची का? नेदरलँड्समध्ये फान बुखेम यांनी १९८१ मध्ये आणि नंतर १९८५ मध्ये दाखवलं की दोन वर्षांवरच्या बहुतेक मुलांचा कान नुसत्या वेदनाशामकानं आणि थोड्या धीरानं बरा होतो. अनेक देशांनी हा मार्ग घेतला, आणि तो रास्त आहे, कारण अनावश्यक औषधांनी जंतू निर्ढावतात. पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकॉकस १९६७ मध्येच ऑस्ट्रेलियात सापडला होता. पण डच डॉक्टर तीन दिवसांनी तेच मूल पुन्हा पाहतो. आपल्या तांड्यावरचं मूल तिसऱ्या दिवशी कोणाच्या नजरेला पडतं? वाट पाहण्याची ही रीत आपल्याकडं आणायची असेल तर आधी पुन्हा दाखवायची सवय लागायला हवी. नाहीतर त्याला उपचार म्हणता येणार नाही, ते दुर्लक्षच ठरेल. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करायच्या आणि उरलेल्या पुढच्या लेकराला द्यायच्या, हे तर दोन्हीकडून नुकसान.

लसीची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याकडून लोक भलतीच अपेक्षा करतात. न्यूमोकॉकसविरुद्ध लहान मुलांना चालणारी लस २००० मध्ये अमेरिकेत आली. फिनलंडमध्ये तिची चाचणी झाली तेव्हा लसीत सामील असलेल्या न्यूमोकॉकसच्या प्रकारांमुळं होणारे कानाचे आजार ५७ टक्क्यांनी घटले. पण एकूण कान येणं घटलं फक्त ६ टक्क्यांनी. बाकीचे प्रकार आणि बाकीचे जंतू मोकळेच होते. तरीही ती लस मोलाची आहे, कारण ती न्यूमोनिया आणि मेंदूज्वर या मारक आजारांपासून वाचवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं दहा प्रकारांवरची स्वस्त लस २०२० च्या डिसेंबरात आणली आणि २०२१ मध्ये न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात देशभर गेली. सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात, उपकेंद्रावर, फुकट.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ मध्ये अंदाज दिला की जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात, आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्क्यांना कमी ऐकू येतं. ज्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त आहे त्यांच्या गटात भारत आहे. २०११ च्या जनगणनेत पन्नास लाखांहून जास्त भारतीयांनी ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून श्रवणदोष असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. ते जुन्या हैदराबाद संस्थानातले, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. म्हणजे आपल्याच जुन्या मुलखाचं नाव त्या दारावर आहे, तरी तिथं पोचणारी मराठवाड्याची लेकरं किती थोडी!

इथल्या लेकरांच्या कानाचं एक खास संकट आहे आणि ते पंचांगाला बांधलेलं आहे. दसरा-दिवाळी झाली की या डोंगरी, कोरडवाहू पट्ट्यातली कित्येक कुटुंबं उचल घेतलेली असते म्हणून ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लेकरं बरोबर. कारखान्याच्या तळावरची कोपी, पहाटेची थंडी, कोपीतच पेटलेली चूल, एकाच गोधडीत चार पोरं. सर्दीचा मोसम तोच. धुरानं नळीतले केस आधीच दुबळे झालेले, त्यात विषाणू. कान फुटतो तिकडं. तो दाखवायला मजुरी बुडवणं परवडत नाही, आणि वैशाखात गावी परतेपर्यंत चार-पाच महिने कान वाहिलेला असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येऊन मुलं तपासतं. त्यांनी पाहायच्या आजारांच्या यादीत मधल्या कानाचा दाह आहे. पण पथक येतं त्या दिवशी लेकरू फडावर असेल तर त्याचा कान तपासायचा कोणी?

कमी ऐकू येणारं मूल 'मला ऐकू येत नाही' असं सांगत नाही. त्याला जितकं ऐकू येतं तितकंच जग आहे असं त्याला वाटतं. ते हाका मारूनही येत नाही, शुद्धलेखनात शेवटचं अक्षर गाळतं, मागच्या बाकावर सरकतं. घरी त्याला आगाऊ म्हणतात, शाळेत मठ्ठ. या दोन शब्दांखाली किती वाहते कान झाकले गेले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक आई-बापाला, आजीला, अंगणवाडीच्या ताईंना आणि ऊसतोडीच्या मुकादमालाही माझी विनंती आहे. कान फुटला की आत काहीही घालू नका, तेल नको, दूध नको. स्वच्छ सुती कापडाची वात करून बाहेर आलेला पू टिपून घ्या, आंघोळीत आणि विहिरीत कानात पाणी जाऊ देऊ नका. कानामागं सूज आली, तोंड वाकडं झालं, मान आखडली, ताप चढून लेकरू सुस्त पडलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. बाळ आणि चूल यांच्यात अंतर ठेवा, बाटलीनं दूध पाजत असाल तर आडवं निजवून पाजू नका, लसीचे तिन्ही डोस चुकवू नका. आणि ठणका थांबला तरी त्याच आठवड्यात कान डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांनंतरही तो वाहत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, आणि पडदा भरला असं ते स्वतः पाहून सांगेपर्यंत जात राहा.